दसऱ्याला नांगर उचला: नॉरफोक ते मायामी, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आमच्या आजोळी, दाभोळच्या खाडीवर, होड्यांचं वर्ष नारळी पौर्णिमेला सुरू व्हायचं. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या समुद्राला नारळ अर्पण केला की पाण्यात उतरायच्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहायला आल्यावर कळलं की इथलं पंचांग वेगळं आहे. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम, आणि दक्षिणेकडे निघायचा मुहूर्त नेमका आपल्या दसऱ्याच्या आसपास येतो. चेसापीक उपसागरात पहाटे गारठा पडू लागला की बोटी एकामागून एक नॉरफोककडे सरकू लागतात. थंडी मागे, उन्हाळा पुढे, आणि मधे कासवगतीचे पाच-सहा आठवडे. हे सीमोल्लंघन करावं असं ज्यांना वाटतंय, पण पहिलं पाऊल कुठे टाकायचं ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी रस्ता समजून घ्या

या जलमार्गाचं नाव इंट्राकोस्टल वॉटरवे. खाड्या, नद्या, उथळ, सरोवरासारखं विस्तीर्ण पाणी आणि त्यांना जोडणारे खोदलेले कालवे, असा तो बनलेला आहे. समुद्र आणि हा मार्ग यांच्यामध्ये वाळूच्या लांबलचक बेटांची भिंत आहे, म्हणून बाहेर लाटा उसळत असल्या तरी आत बहुतेक वेळा शांत असतं. व्हर्जिनियातलं नॉरफोक म्हणजे मैल शून्य. तिथून मायामी सुमारे १०९० मैल, आणि अगदी टोकाचं ‘की वेस्ट’ बेट १२४० च्या थोडं पुढे. हे मैल जमिनीवरचे आहेत, सागरी नाहीत. एक सागरी मैल म्हणजे १.१५ जमिनीचे मैल. ६ नॉटने, म्हणजे तासाला ६ सागरी मैलांनी, चालणारी शिडाची बोट म्हणजे तासाला जेमतेम ७ मैल, हे हिशेब करताना विसरू नका.

‘बाहेरून समुद्रातूनच का जाऊ नये?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. कारण नॉरफोकच्या खाली केप हॅटरस आहे. तिथे गल्फ स्ट्रीम किनाऱ्याजवळ येतो. हा प्रवाह उत्तरेकडे वाहतो आणि शरदातले थंड वारे उत्तरेकडून येतात. प्रवाहावर उलटा वारा आला की लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात. अनुभवी लोक हवामान बघून जातात. पहिल्या वर्षी तुम्ही आतूनच जा, असं मी आग्रहाने सांगेन.

निघायची तारीख

सगळ्यात आधी विम्याचे कागद काढा आणि नीट वाचा. बऱ्याच पॉलिसींत वादळांच्या हंगामात बोट ठराविक रेषेच्या दक्षिणेला नेता येत नाही, नेली तर नुकसानभरपाई मिळत नाही. ती रेषा आणि ती तारीख प्रत्येक पॉलिसीत वेगळी असते. फोन करून लेखी उत्तर मागा. नॉर्थ कॅरोलिनापर्यंत ऑक्टोबरमध्ये येऊन फ्लोरिडात नोव्हेंबर उजाडल्यावर शिरायचं, असं वेळापत्रक बहुतेकांना जमतं.

उशीरही करू नका. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि नॉर्थ कॅरोलिनात संध्याकाळी पाच वाजताच सूर्य मावळतो. नवख्याने अंधारात हा मार्ग चालू नये. बिनदिव्याच्या खुणा, खेकड्यांच्या पिंजऱ्यांचे तरंगते गोळे, लाकडाचे ओंडके, यातलं काहीच रात्री दिसत नाही. म्हणजे हातात साधारण दहा तास. त्यात पूल आणि वाट बघणं धरून ५० मैल झाले तर दिवस चांगला गेला म्हणायचं. १०९० भागिले ५० म्हणजे २२ दिवस. त्यात वाऱ्यापावसाचे, दुरुस्तीचे, कपडे धुण्याचे आणि नुसतं बसून राहायचे दिवस मिळवा.

इथल्या बोटवाल्यांमध्ये एक पक्का नियम आहे. भेटायला येणाऱ्या पाहुण्याला गाव सांगा किंवा तारीख सांगा, दोन्ही एकदम सांगू नका. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. मी पाहिलेल्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी कुणाचं तरी विमानाचं तिकीट होतं. खराब हवा दिसत असताना माणूस निघतो तो कुणीतरी पुढे वाट बघतंय म्हणून.

बोट या मार्गाला बसते का?

दोन मापं घ्या, वरचं आणि खालचं. उघडणारे पूल बरेच आहेत, पण जे पक्के उंच पूल आहेत त्यांची ठरलेली उंची ६५ फूट. नॉर्थ कॅरोलिनातल्या मैल १२६ जवळचा विल्करसन पूल त्याहून थोडा कमी भरतो, म्हणून अँटेना धरून डोलकाठीचं टोक पाण्यापासून ६३ फुटांच्या आत असेल तर निर्धास्त जा. मायामीतला ज्युलिया टटल पूल फक्त ५६ फुटांचा आहे. उंच डोलकाठीवाले फोर्ट लॉडरडेलला समुद्रात बाहेर पडतात आणि मायामीला पुन्हा आत येतात. उंची कागदावरून धरू नका. दोरी बांधून मोजा.

खालचं माप म्हणजे बोट पाण्यात किती बुडते ते. सरकारी कागदावर फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सपर्यंत १२ फूट खोली आहे, पुढे मायामीपर्यंत १० फूट. प्रत्यक्षात समुद्राची तोंडं, म्हणजे वाळूच्या बेटांमधल्या फटी, जिथे या मार्गाला छेदतात तिथे वाळू येऊन बसते आणि खोली पार कमी होते. ५ फुटांपर्यंतच्या बोटीला फार त्रास नाही. ६ फूट असेल तर भरतीचा हिशेब सतत डोक्यात ठेवावा लागेल.

डिझेल इंजिन हा इथे तुमचा खरा सोबती, शीड अधूनमधून मदतीला. डिझेलचे फिल्टर, पाण्याच्या पंपाचे इंपेलर (पाणी ओढणाऱ्या रबरी चकत्या), पट्टे आणि तेल जास्तीचं घ्या, आणि इंपेलर बदलायचा सराव धक्क्याला बांधलेले असतानाच करा. बोट ओढून नेणाऱ्या सेवेचं वार्षिक सदस्यत्व निघण्याआधी घ्या. एका वेळच्या ओढण्याचं बिल सदस्यत्वाच्या कितीतरी पट येतं. फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलिनात १ जानेवारी १९८८ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना १० हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठं इंजिन चालवायला बोट-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं कार्ड लागतं. वय कितीही असो, तो अभ्यासक्रम कराच.

स्वयंपाकघराचं म्हणाल तर तूरडाळ, पोहे, गोडा मसाला नॉरफोकला भरून घ्या, कारण मधल्या छोट्या गावांत मिळणार नाही. प्रेशर कुकर अवश्य न्या. गॅस वाचतो, आणि बोट हेलकावली तरी झाकण पडत नाही.

पिवळा त्रिकोण, पिवळा चौकोन

खुणा ओळखणं ही या प्रवासाची बाराखडी आहे. दक्षिणेकडे जाताना लाल त्रिकोणी खुणा उजवीकडे आणि हिरव्या चौकोनी डावीकडे ठेवायच्या. गोंधळ होतो तो नदी लागल्यावर. नदीच्या खुणा समुद्रातून आत येणाऱ्या जहाजांसाठी लावलेल्या असतात. केप फिअर नदीत तुम्ही समुद्राच्या दिशेने उतरता, तेव्हा तोच लाल रंग डावीकडे येतो. अशा वेळी खुणेवरची छोटी पिवळी आकृती शोधा. पिवळा त्रिकोण कुठल्याही रंगाच्या खुणेवर असो, दक्षिणेकडे जाताना तो उजवीकडेच. पिवळा चौकोन डावीकडेच. सुकाणूजवळ एका कागदावर हे काढून चिकटवा. दिवसभर डोळ्याला ऊन लागल्यावर साधी गोष्टही उलटीपालटी होते.

छापील नकाशे ठेवा, पण वाळू सरकत राहते आणि नकाशा जुना होतो. या मार्गाची देखभाल करणारं आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्स हे खातं खोली मोजून त्याचे रंगीत नकाशे काढतं. ॲक्वा मॅपसारख्या ॲपमध्ये ते फोनवर दिसतात. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचे ५० मैल नकाशावर हाताचं बोट फिरवून बघा, कठीण जागा वहीत लिहा आणि प्रत्येकीसमोर भरतीची वेळ टाका. हे काम आम्ही जेवणानंतर करतो, कितीही झोप आली तरी.

रेडिओ आणि पूल

व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात पुलावरच्या माणसाशी बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १३ वर बोलायचं, साउथ कॅरोलिनापासून खाली चॅनल ९ वर. पुलाचं नाव, आपल्या बोटीचं नाव, कुठल्या दिशेने जाताय आणि पुढच्या वेळेला उघडाल का, एवढंच. पार झाल्यावर ‘आम्ही पलीकडे आलो, आभार’ म्हणा. तो माणूस तुमची शेवटची बोट जाईपर्यंत रस्त्यावरची वाहनं थांबवून उभा असतो. काही पूल मागाल तेव्हा उघडतात, काही तासातून एकदाच, आणि शहरांतले पूल ऑफिसच्या गर्दीच्या वेळी बंदच राहतात. वेळा बदलतात, त्यामुळे त्या ताज्याच बघाव्यात.

मागून वेगवान बोट येईल आणि रेडिओवर ‘स्लो पास’ मागेल. तेव्हा तुम्ही वेग अगदी कमी करायचा, म्हणजे ती हळू ओलांडू शकते आणि तिची लाट तुमच्या ओट्यावरची भांडी खाली आणत नाही. वेग न उतरवता नुसतं चिडणारे खूप बघितले. त्यांच्यामुळे मागच्याला हळू जाताच येत नाही.

पहिले २०० मैल

नॉरफोकची युद्धनौकांची गोदी ओलांडली की थोड्या वेळाने दोन फाटे फुटतात. सरळ मार्ग ग्रेट ब्रिजच्या लॉकमधून जातो. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधला हौद. आत बोट बांधायची, दरवाजा बंद होतो, पाणी पुढच्या पातळीला येतं. इथे फरक दोन-तीन फुटांचाच, शिकायला उत्तम जागा. दोन्ही बाजूंना फेंडर, म्हणजे बोट भिंतीला घासू नये म्हणून लटकवायच्या फुगीर उशा, लावा, दोऱ्या हातात धरा, पक्क्या गाठी मारू नका.

दुसरा फाटा डिस्मल स्वॅम्प कालव्याचा. बोट ५ फुटांहून जास्त बुडत नसेल आणि कालवा उघडा असेल तर मी इथूनच जा म्हणेन. १७९३ ते १८०५ या काळात गुलामांनी हातांनी खोदलेला २२ मैलांचा कालवा. बाजूच्या दलदलीत पळून आलेले गुलाम वस्त्या करून लपून राहत. कालवा काठीसारखा सरळ आहे. सकाळी धुकं असतं, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, आणि दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांना टेकायला आलेली. आम्ही गेलो तेव्हा पाण्यावर हिरव्या टिकल्यांसारखं शेवाळ पसरलं होतं. तासाभराने इंजिनाचा तापमानाचा काटा चढू लागला. इंजिन थंड करायला बाहेरून येणाऱ्या पाण्याची गाळणी उघडली तर आत हिरव्या चटणीचा गोळा. दहा मिनिटांत साफ झालं, पण काट्याकडे लक्ष नसतं तर इंजिन गेलं असतं. या कालव्यात दर तासाला गाळणी बघा. लॉक दिवसातून ठरलेल्या वेळांनाच उघडतात, त्यामुळे एक वेळ चुकली की काही तास मुक्काम. कालव्यापलीकडच्या एलिझाबेथ सिटीत येणाऱ्या बोटींचं गुलाबाचं फूल देऊन स्वागत करायची रीत १९८३ साली गावातल्या दोघांनी सुरू केली.

पुढे आल्बेमार्ल साउंड. नकाशावर तळ्यासारखं दिसणारं हे पाणी नवख्यांनी हलकं घेऊ नये. रुंदी भरपूर, खोली कमी, त्यामुळे थोड्या वाऱ्यातही आखूड, उभ्या लाटा उठतात. वारा १५ नॉटच्या वर सांगितला असेल तर थांबा. पलीकडे ॲलिगेटर नदीवरचा फिरता पूल वारा फार चढला तर उघडतही नाही, आणि तुम्ही लाटांत अडकता. या भागात चंद्राची भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, पाणी वाऱ्याने चढतं-उतरतं. इथे रुतलात तर सहा तासांनी पाणी वर येईल या भरवशावर बसू नका.

पुढची गावं ओरिएंटल, मग ब्युफर्ट. नॉर्थ कॅरोलिनात याचा उच्चार बोफर्ट होतो, साउथ कॅरोलिनातल्या त्याच नावाच्या गावाचा ब्यूफर्ट. रेडिओवर हा फरक महत्त्वाचा.

सैन्याचा तळ, खडक आणि सुरूची झाडं

कॅम्प लेज्यून या मरीन तळाच्या हद्दीतून मार्ग जातो. गोळीबाराचा सराव असेल तर पाणी काही तास बंद ठेवतात. आतल्या माइल हॅमक बे या आडोशाला नांगर टाकता येतो, किनाऱ्यावर उतरता येत नाही. तिथली एक पहाट मला अजून दिसते. साडेपाचला आल्याचा चहा उकळत होता आणि काळोखात एकेका बोटीच्या साखळीचा खडखड आवाज येऊ लागला. सगळ्यांना राइट्सव्हिल बीचचा तासातून एकदा उघडणारा पूल गाठायचा होता. उजाडलं तेव्हा बारा-पंधरा बोटींची ओळ लागली होती.

केप फिअर नदीत ओहोटीबरोबर उतरा, प्रवाह मागून ढकलतो. वारा दक्षिणेचा असेल तर मात्र तोच प्रवाह लाटा उभ्या करतो. पुढे लॉकवुड्स फॉली आणि शॅलॉट ही समुद्राची तोंडं मार्गाला छेदतात, वाळू तिथे दरवर्षी जागा बदलते. त्यानंतर नॉर्थ मर्टल बीचजवळचा खडकातून खोदलेला अरुंद भाग, ज्याला सगळे रॉक पाइल म्हणतात. आत शिरण्याआधी रेडिओवर सांगा की तुम्ही दक्षिणेकडे येताय, म्हणजे समोरून मालाची बार्ज येत असेल तर बाहेरच थांबता येईल. तिथे मधून चाला. कडेला चिखल नाही, दगड आहे.

एवढं झाल्यावर वॅकमॉ नदी लागते, आणि माझ्या मते सगळ्या मार्गातला हा सर्वांत देखणा पट्टा. सुरूसारखी उंच सायप्रसची झाडं पाण्यातच उभी, फांद्यांवरून दाढीसारखं लोंबणारं करडं शेवाळ, वर मोरघारी. काठच्या जमिनीवर कधीकाळी भातशेती होती, पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर उभी राहिलेली. भात लावणाऱ्या मुलखातून आलेल्या माणसाला ते जुने बांध बरोबर ओळखू येतात. इथे घाई करू नका.

चार्ल्स्टननंतरचा एलियट कट अरुंद आहे आणि तिथे प्रवाह फार जोरात धावतो. भरती-ओहोटी बदलते त्या शांत वेळेला किंवा प्रवाहाबरोबर जा.

जॉर्जिया: भरतीचा हिशेब

जॉर्जियात भरती-ओहोटीचा फरक ७ ते ९ फूट. मुंबईचं उधाण पाहिलेल्याला हा आकडा मोठा वाटणार नाही, पण इथे मार्ग वळणावळणाचा, दोन्हीकडे गवताळ दलदल आणि तळाला मऊ गाळ. हेल गेट, लिटल मड रिव्हर आणि जेकिल क्रीक या तीन जागा अर्धी भरती झाल्यावर, पाणी चढत असतानाच ओलांडा.

पहिल्या वर्षी मी ओहोटी सुरू झाल्यावर दीड तासाने लिटल मड रिव्हरमध्ये शिरलो, कारण मुक्कामाची जागा समोर होती आणि थांबायचा कंटाळा आला होता. खोलीचा आकडा ७, ६, ५.५ असा उतरला आणि बोट लोण्यात सुरी शिरावी तशी थांबली. मागे घेता येईना. तासाभरात बोट कलायला लागली. आम्ही खालच्या बाजूच्या खिडक्या आणि पाण्याचे कॉक बंद केले, गॅस बंद केला आणि खोल पाण्याच्या दिशेला छोटा नांगर डिंगीतून, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीतून, नेऊन टाकला. मग नुसतं बसून राहायचं. चिखलावर पाणकावळे चालत होते, खेकड्यांचा टकटक आवाज येत होता. ओहोटीला दीड तास झाल्यावर रुतलो म्हणजे पुढच्या भरतीच्या दीड तास आधी सुटणार, हा हिशेब तंतोतंत खरा ठरला. साडेनऊ तासांनी, काळोखात, बोट सरळ झाली. पाणी चढत असताना रुतलो असतो तर दहा-वीस मिनिटांचा प्रश्न होता.

नांगर टाकतानाही भरती मोजा. ओहोटीला १० फूट पाणी, त्यात भरतीचे ८, पाण्यापासून नाळेपर्यंत (बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत) ४, असे २२ फूट. याच्या निदान पाचपट, म्हणजे ११० फूट साखळी-दोरी सोडा, वारा असेल तर सातपट. सहा तासांनी प्रवाह उलटतो आणि बोट नांगराभोवती फिरते, शेजारच्या बोटीपासून तेवढं अंतर ठेवा.

दक्षिण टोकाला कंबरलँड बेट. ओकच्या झाडांखालून चालत समुद्राकाठी जा, जंगली घोडे दिसतात. इथे दोन दिवस काढाच.

फ्लोरिडा

फर्नांडिना बीचला फ्लोरिडा सुरू होतो, पण अजून जवळजवळ पावणेचारशे मैल उरलेले असतात. सेंट ऑगस्टीनला थांबून स्पॅनिश किल्ला बघा. त्याचं बांधकाम १६७२ साली सुरू झालं, सिंधुदुर्गाचा पाया घातल्यानंतर आठ वर्षांनी. हा किल्ला शिंपल्यांच्या दगडाचा आहे. तोफेचा गोळा लागला की भिंत फुटण्याऐवजी गोळाच आत रुतायचा.

यापुढे वेगमर्यादेच्या पाट्या वाचत चला. समुद्रगायी थंडीत उबदार पाण्यात येतात आणि बोटीच्या पंख्याने जखमी होतात, म्हणून अनेक पट्ट्यांत १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च हळू चालवणं सक्तीचं आहे. संडासाची टाकी पाण्यात रिकामी करायला किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत बंदी आहे. या मार्गावर तुम्ही कायम त्या हद्दीत असता. ती पंपानेच रिकामी करून घ्या, बऱ्याच गावांत पंपाची बोट तुमच्यापर्यंत येते. टायटसव्हिलजवळून जाताना केप कॅनव्हेरलच्या रॉकेट उड्डाणाची वेळ बघून नांगर टाका, पाण्यावरून दिसणारं ते दृश्य चुकवू नये.

लेक वर्थला बहुतेकांचा निर्णय होतो: मायामी की समुद्रापलीकडची बहामाज बेटं. मायामीकडे जायचं असेल तर पुढे उघडणाऱ्या पुलांची रांग आहे, दिवसाला ५० मैल विसरा. बहामाजला जायचं असेल तर पासपोर्ट-व्हिसाचे कागद तयार ठेवा आणि गल्फ स्ट्रीम ओलांडायला उत्तरेचा अंश नसलेल्या वाऱ्याची वाट बघा, मग त्याला दोन दिवस लागोत की दोन आठवडे. तेवढ्यात इंजिनाचं तेल बदलून घ्या, गाळण्या धुवा, आणि नांगराच्या साखळीवरचा जॉर्जियाचा चिखल वाळण्याआधी काढून टाका.